मी ‘दुसरी’ म्हणालो होतो

इनास, तुला माती देऊन नऊ दिवस झाले होते तेव्हा फिलूने मला घरी बोलावून घेतलं. मला वाटलं, तुझे कपडे वाटायचे असतील, नाहीतर एखादा फॉर्म भरायचा असेल. खरं सांगू, तू गेल्यावर तुझ्या बायकोने पहिली हाक मला मारली याचं मला जरा बरंच वाटलं होतं. बोळिंजहून स्कूटर काढली आणि तडक आलो. फिलूने चहा टाकला नाही की बस म्हणाली नाही. आतल्या खोलीत गेली, तुझं कपाट उघडलं, त्यातला ओल घालवायचा दिवा बंद केला, आणि पिवळीची, तुझ्या त्या गिटारची, पेटी उचलून ओटीवर माझ्यासमोर आणून ठेवली.

“सायमनदादा, ही घेऊन जा. तुझीच हाय. तू तेव्हा हीच मागितली होतीस.”

मला काही कळलंच नाही. म्हटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलंय. मी समजावणीच्या सुरात म्हणालो, “अगं, मी काळी निवडली होती. सगळ्या आळीला माहीत आहे.”

“तू ‘दुसरी’ म्हणालास,” फिलू म्हणाली. “दुसरी हीच होती.”

तुला हे सगळं ठाऊक आहे, माझ्यापेक्षा जास्तच ठाऊक आहे. तरी पहिल्यापासून सांगतो. कारण ही गोष्ट आपण दोघांनी लग्नाच्या मांडवात, सणाच्या जेवणात, कॉयरच्या सहलीत शंभर वेळा सांगितली आणि शंभर वेळा चुकीची सांगितली. मी अजाणता आणि तू जाणूनबुजून. एकदा तरी ती बरोबर सांगायला हवी, आणि ऐकायला तूच हवास.

आपले कैतान मास्तर मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून म्हातारपणी गावाला परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन गिटारी आल्या. आपण तोवर चर्चमधली सपाट पोटाची, मधोमध गोल भोक असलेली गिटारच पाहिली होती. या दोघींची पोटं फुगीर होती आणि व्हायोलिनला असतात तशी दोन बाजूंना दोन वळणदार भोकं होती. मास्तर त्यांना आर्चटॉप म्हणायचे. एक मधाच्या रंगाची, दुसरी कडेला काळी आणि मध्ये लालसर. आपण त्यांना पिवळी आणि काळी म्हणू लागलो आणि ती नावं मास्तरांच्याही तोंडात बसली. पिवळीचं पोट सलग लाकडातून कोरून काढलेलं होतं. काळीचं पोट पातळ थर एकमेकांवर चिकटवून, दाबून बनवलेलं. काळी त्यामुळे हलकी ठरत नाही, हे मास्तर पुन्हा पुन्हा सांगायचे. काळी बँडमधली, धक्के खाणारी, मोठ्या स्पीकरशेजारीही शहाण्यासारखी वागणारी. पिवळी स्पीकरजवळ नेली की शिट्ट्या मारायची आणि पावसाळ्यात तिच्या सांध्यांची काळजी करावी लागायची. पण शांत खोलीत, चार माणसांत, पिवळीसारखी तीच.

मास्तर लेकीकडे कॅनडाला जायला निघाले तेव्हा त्यांनी आपल्या दोघांना बोलावलं. आपण तेव्हा पंचवीस-सव्वीसचे होतो. म्हणाले, “दोघींना दोन घरं मिळू देत. मी ठरवणार नाय कोनाला कुठली. आपल्या वाडीची वाटणी होते तशी करा.” आपल्या आळीत भावाभावांत वाडी वाटताना मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने निवडायचं, ही रीत. म्हणजे मोठा वाटे सरळ पाडतो, कारण कुठला वाटा आपल्या पदरात पडेल ते त्याला माहीत नसतं. तू माझ्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा. गिटारींचे वाटे काय पाडणार? तेव्हा मास्तरांनीच ठरवलं, मोठ्याने आतल्या खोलीत बसून दोन्ही वाजवायच्या, धाकट्याने ओटीवर बसून कानाने निवडायचं, आणि मधलं दार बंद ठेवायचं. “डोळ्यांनी निवडाल तर रंग निवडाल,” म्हणाले. आणि मी थांबलो तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघाल, असं म्हणून काठी घेऊन चर्चकडे चालते झाले.

आपल्या त्या रीतीत एकच खोट होती, इनास. वाटे पाडणाऱ्याच्या हातात दार देतात का कुणी?

दुपारच्या जेवणानंतरची वेळ. मी ओटीवर, समोर मास्तरांच्या केळी आणि त्यांच्या मागे बावखलाच्या तळ्याचं हिरवट पाणी. आत तू, आणि मास्तरांचं सामान बांधायला आलेली त्यांची पुतणी फिलू. तुमचं तेव्हा जुळलेलं होतं आणि ते मला एकट्यालाच माहीत होतं, कारण तुझ्या चिठ्ठ्या मीच पोचवत होतो. तू आतून ओरडलास, “पहिली!” आणि मास्तरांनी शिकवलेली ती संथ चाल वाजवलीस. छान वाटली. नीट, गोल, इस्त्री केलेली. मग तू ओरडलास, “दुसरी!” आणि तीच चाल वाजवलीस, आणि पहिल्याच सुराला माझ्या हातावर काटा आला. सूर संपत आला की त्याच्या खालून आणखी काहीतरी वर यायचं, थोडं खरखरीत, माणूस बोलायच्या आधी घसा साफ करतो तसं. मी चाल पुरी होऊ दिली नाही. जागेवरून उठलो आणि ओरडलो, “दुसरी! दुसरी!”

दार लगेच उघडलं नाही. मला वाटलं, तुला वाईट वाटलं असेल, तुलाही तीच हवी असेल. मग दार उघडलं आणि तू काळी घेऊन बाहेर आलास. हसत होतास. “घे बाबा, दुसरी. काळी तुझी.”

मी ती घेतली. मांडीवर ठेवली, वाजवली. बाहेर तिचा आवाज जरा वेगळा वाटला. तू म्हणालास, दाराआडून वेगळंच ऐकू येतं. मला पटलं. तू सांगितलेलं मला त्या वेळी न पटण्याचा प्रश्नच नव्हता.

मास्तर परतले. माझ्या मांडीवर काळी बघून पायरीवरच थांबले. “कानाने निवडलीस?” मी छाती काढून म्हणालो, “हो मास्तर, कानाने.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, मग म्हणाले, “बरं हाय. ती पण चांगली हाय.” आणि काठी कोपऱ्यात ठेवून आत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय आलं होतं ते मला इतकी वर्षं कळलं नाही. आता कळतं. दहा वर्षं ज्याला शिकवलं त्या पोराला कोरीव लाकूड आणि थरांचं लाकूड यातला फरक ऐकू येत नाही, असं त्यांना वाटलं. ते तेच मनात घेऊन कॅनडाला गेले आणि तिकडेच वारले. तिकडून त्यांची पत्रं तुला यायची आणि त्यात शेवटी, “सायमनला सलाम सांग.” मी पत्र यायची वाट बघायचो, इनास. माझ्या नावाचं एकही आलं नाही.

फिलूने मला ओटीवर हे सांगितलं तेव्हा आधी मी हसलो. मग तिला विचारलं, “तू काय करत होतीस आत?”

ती म्हणाली, “त्याने पिवळी खाली ठेवली आणि म्हणाला, ती काळी दे. मी दिली. मी एकोणीस वर्षांची होते, दादा.”

“पण का?”

“तो बोलला, ही सायम्याला दिली तर तो पुढे निघून जाईल. मास्तर त्याला बोलले होते, तुझा हात चांगला, पन सायमनचा कान तुझ्यापेक्षा बरा. ते त्याच्या जिवाला लागलं होतं.”

हे मास्तर बोलले होते? हे वाक्य माझं होतं, इनास. ती गिटार तू ठेवून घेतलीस ते मी कदाचित कधीतरी विसरीन. हे वाक्य तू ठेवून घेतलंस. ते मला पंचविसाव्या वर्षी कळलं असतं तर मी कोण झालो असतो, मला माहीत नाही. काहीच झालो नसतो असंही असेल. पण ते मला स्वतःला बघायचं होतं.

त्या वाटणीनंतर आपला तो खेळ सुरू झाला. कुठेही वाजवलं की मी म्हणायचो, “साल्या, पिवळी तुझ्याकडे अशी वाजते कशी रे?” आणि तू बोटं हलवून दाखवायचास, “हात, बाबा, हात.” लोक हसायचे. मीही हसायचो. पहिली दोन-तीन वर्षं मी खरंच विचारत होतो. मग ती गंमत झाली, आणि त्या गमतीच्या आड मी एक गोष्ट मान्य करून टाकली, की चांगली गिटार मी निवडली, तरी चांगला आवाज तुझ्याकडे आहे, म्हणजे दोष माझ्यात आहे. मग मी हळूहळू मागे सरकलो. तू सोलो, मी ऱ्हिदम. कॉयरमध्येही तेच. दोन कडव्यांच्या मध्ये आठ बारांची, म्हणजे आठ आवर्तनांची, मोकळी जागा यायची, तिथे तू पिवळीवर काहीतरी सुंदर वाजवायचास आणि मी खाली कॉर्ड धरून हळू हळू ठेका देत राहायचो. मला त्यात सुख वाटायचं, हेही लिहितो. तुला पाठीमागून धरून ठेवण्याचं सुख. म्हणून तर आता इतका संताप येतो.

आणि बोळिंजचं ते लग्न. नाही, ते मी सोडणार नाही. जेवणाच्या वेळी मुंबईच्या हॉटेलातला तो बँडवाला आपल्यापाशी आला. म्हणाला, दोघेही या, सोलोला कोण बसेल ते तिथे ऐकून ठरवू. मी काय म्हणालो ते तुझ्यासमोर म्हणालो. “इनासला घ्या. माझा कान कच्चा आहे. मला तर माझी गिटारही नीट निवडता आली नाही.” तो हसला. तू हातात ताट घेऊन उभा होतास आणि ताटातला पाव चुरत होतास. खात नव्हतास, नुसता चुरत होतास. मला वाटलं, मी तुझ्यासाठी बाजूला झालो म्हणून तुला भरून आलंय. घरी येऊन मी बायकोला, सेलीनला, तसं सांगितलंही, की इनास फार हळवा आहे.

त्या दिवशी बोलायला हवं होतंस. मास्तरांच्या घरात पंचविशीच्या पोराने गिटार बदलली, ते मी समजू शकतो. आयुष्यात माणूस एकदा चोरी करतोच. पण त्या मांडवात तू तिशी ओलांडलेला, लग्न झालेला, दोन वेळा पेरिश कौन्सिलवर निवडून आलेला माणूस होतास. मी माझ्या तोंडाने माझा कान कच्चा म्हणत होतो आणि तो कच्चा नव्हता हे जगात तुला एकट्याला माहीत होतं. फिलूला धरून दोघांना. तू पाव चुरलास.

तू मुंबईच्या त्या हॉटेलात वाजवायला जाऊ लागलास. मी गोखिवऱ्याच्या कारखान्यात राहिलो. दिवसभर सुट्या भागांचं माप गेज लावून तपासायचं, बरोबर ते हिरव्या खोक्यात, चूक ते लाल खोक्यात. सगळे म्हणायचे, सायमनसारखा तपासनीस नाही, मापाशिवाय शब्द बोलत नाही. कसा बोलणार? अंदाजाने जे एकदा निवडलं ते फसलं होतं, असं मीच मला सांगून ठेवलं होतं.

आता आणखी एक गोष्ट, आणि हिच्यामुळे मला तुला नीट शिव्याही घालता येत नाहीत. कारखान्यात माझी डावी दोन बोटं प्रेसमध्ये सापडली तेव्हा तीन महिने तू रोज दुपारी, मुंबईची गाडी पकडायच्या आधी, यायचास. सेलीन टोपात कोमट पाणी मीठ घालून द्यायची आणि तू माझा हात त्यात धरून एकेक बोट वाकवायचास. मी ओरडायचो, आईबापावरून बोलायचो, तू ऐकून घ्यायचास. “अजून एकदा, सायम्या. अजून एकदा.” डॉक्टर म्हणाले होते, मूठ वळेल, गिटार विसरा. तुझ्यामुळे विसरावी लागली नाही. मी लोकांना सांगायचो की सख्खा भाऊ करणार नाही ते इनासने केलं. आता मला कळत नाही, तो टोप घेऊन कोण बसायचं समोर. मित्र बसायचा की त्या दारामागचा माणूस? तू गेलास आणि जाताना मागची सगळी वर्षं माझ्यासमोर पुन्हा तपासायला टाकून गेलास. कुठली कुठल्या खोक्यात टाकू, सांग ना. तीस वर्षं हेच काम केलं मी आणि मला हे जमत नाही.

आणि हे शेवटचे चार महिने. मी रोज आलो. तू खाटेवर, मी खुर्चीवर. चपट्या तारा बऱ्या की गोल तारा, हे आपलं भांडण तेव्हाही चालूच होतं. तू म्हणायचास, पिवळीला चपट्याच शोभतात. मी म्हणायचो, गोल तारा लावून एकदा ऐक तरी, ती अजून उघडेल. “तुला काय माहीत पिवळीचं?” तू एकदा चिडून म्हणालास. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलास. म्हणालास, “सायम्या, तुला कधी वाटलं नाय का...” मी म्हटलं, “काय?” तू म्हणालास, “पाणी दे.”

मी पाणी दिलं.

फादर आले, तू कुमसार केलंस. मी बाहेर ओटीवर बसलो होतो, मधलं दार बंद होतं. आत तू देवाच्या माणसाकडे सगळी कबुली दिलीस, तेल लावून घेतलंस, हलका झालास. ज्याच्याविरुद्ध पाप केलंस तो आठ हातांवर बसला होता. दुसऱ्यांदा, इनास. दुसऱ्यांदा मी ओटीवर आणि तू बंद दाराआड. तुला हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही.

“मी गेल्यावर दे त्याला, असं बोलला,” फिलू मला म्हणाली.

“जिवंतपणी काय हात जड झाला होता?”

“तुला तोंड दाखवता आलं नसतं त्याला.”

“आणि तू? तू दर रविवारी माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसत होतीस ना?”

ती रडायला लागली. “दर रविवारी वाटायचं, आज सांगते. मिस्सा संपली की तू हसत यायचास आणि त्याच्या पाठीवर थाप मारायचास. मग नाय सांगता आलं.” मी तिला गप्प केलं नाही. एरवी केलं असतं. पेटी उचलली आणि निघालो. फाटकातून वळून बघितलं तर ती तशीच ओटीवर उभी होती. मग परत गेलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आलो. काय करणार, नऊ दिवसांची विधवा.

घरी दोन्ही गिटारी पलंगावर शेजारी ठेवल्या. सेलीनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आता दोन्ही आपल्याकडे आहेत, मग भांडण कशाला?” मी दार लावलं आणि तपासनिसासारखा बसलो. एकच चाल, एकच जोर, आधी काळी, मग पिवळी. पिवळीचा तो पहिला सूर निघाला आणि सत्तावीस वर्षांपूर्वीचा काटा तसाच्या तसा हातावर आला. घसा साफ केल्यासारखा तो आवाज. हीच होती. शंकाच नको. इनास, तुझं मरण, माझा राग, सगळं बाजूला राहिलं आणि मी आनंदाने एकटाच मोठ्याने ओरडलो, “माझा कान बरोबर होता!” सेलीन धावत आली. मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्रेपन्नाव्या वर्षी मला माझा कान परत मिळाला आणि ही बातमी धावत जाऊन सांगावी असा एकच माणूस होता, तो तू.

मग तुझी महिन्याची मिस्सा आली. कॉयरच्या पोरींनी विचारलं, सायमन अंकल, गिटार आणाल ना? आणीन म्हटलं. कुठली, हा प्रश्न माझा मलाच. या वेळी दार नव्हतं, वाजवणारा नव्हता, रीत नव्हती. काळी नेली तर सगळं होतं तसं राहणार होतं. मी पिवळी घेतली. का, तेही सांगतो. मी ठरवलं होतं की तुझ्याच मिस्सेला, तुझ्याच गावासमोर, तुझ्याच जागेवरचा सोलो मी वाजवणार. तुझ्यापेक्षा चांगला. आठवडाभर कामावरून आलो की बसत होतो. दोन बोटं अजून पूर्ण वाकत नाहीत, तरी बसवला. सेलीन म्हणाली, छान झालाय. गोल तारा लावल्या, मुद्दाम. आणि पिवळी उघडली रे. मी म्हणत होतो तशीच उघडली.

चर्च भरलं होतं. फिलू पहिल्या बाकावर. ख्रिस्तप्रसाद झाल्यावर आपलं नेहमीचं गीत सुरू झालं. पहिलं कडवं झालं आणि ती आठ बारांची जागा आली. मी तयार होतो. बोटं कुठे ठेवायची, पहिला सूर कुठला, सगळं तोंडपाठ होतं. आणि हात वर गेला नाही. कॉर्ड धरून राहिला, आपला हळू हळू ठेका देत. माझं अंगही डावीकडे वळलं होतं, तुझी खुर्ची असायची तिकडे. मी हाताला सांगत होतो, वाजव. तो ऐकेना. तो तू यायची वाट बघत होता. आठही बार तसेच गेले, खाली नुसता माझा ठेका आणि वर काहीच नाही. कॉयरने पुढचं कडवं बरोबर वेळेवर उचललं, कारण त्या पोरीही इतकी वर्षं तेवढंच मोजत आल्या आहेत. लोकांना वाटलं, मुद्दाम केलं, इनाससाठी जागा सोडली. बाहेर आल्यावर म्हाताऱ्या बायका माझे हात धरून रडल्या.

फिलूने मात्र ओळखलं. “का नाय वाजवलंस?” तिने हळूच विचारलं.

“सवय,” मी म्हणालो.

तिथून मी घरी गेलो, काळी घेतली आणि तुझ्या घरी आलो. फिलूला म्हटलं, कपाट उघड. पिवळीच्या जागेवर काळी ठेवली. फिलू दिवा लावायला गेली, मी नको म्हटलं. काळीला दिवा लागत नाही, ती ओल सहन करते. फिलू म्हणाली, “ही कशाला, दादा? दोन्ही तुझ्याच.” मी म्हटलं, “नाही. पहिली त्याची, दुसरी माझी. वाटणी झाली होती.” ती काळीवरून हात फिरवत राहिली. सत्तावीस वर्षं माझ्या छातीला लागून होती ती गिटार. तिच्याशी मी नीट वागलो नाही. तिचा काही दोष नसताना रोज तिला पिवळीशी ताडून बघितलं.

आता पिवळी बोळिंजला आहे. कपाटात दिवा लावलाय, पावसाळा यायच्या आत. रोज संध्याकाळी कामावरून आलो की काढतो आणि मास्तरांची तीच चाल सुरू करतो. सुरुवातीला तुला शिव्या घालतो, मोठ्याने, सेलीन दार लावून घेते. अजून संपलेल्या नाहीत त्या, इतक्यात संपतील असं वाटतही नाही. माफ केलं असं मी फिलूला सांगितलेलं नाही आणि तुलाही सांगत नाही. पण चाल पुढे सरकते, तुझी जागा येते, आणि माझा हात आपोआप हळू होतो, इनास. तू घेशील म्हणून.